नगरपंचायतीचा खर्च नेमका कोण, केव्हा आणि कशावरून ठरवतो?

तळ्याकाठचा रहिवासी (प्रश्नकर्ता)

आमचे गाव तालुक्याचे ठिकाण आहे. तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा २०१५ साली आमची ग्रामपंचायत गेली आणि १७ प्रभागांची नगरपंचायत आली. ग्रामपंचायत असताना मी ग्रामसभा सहसा चुकवत नसे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी शाळेच्या पटांगणात सभा भरे, ग्रामसेवक जमाखर्च वाचून दाखवत, आणि कोणत्या वस्तीत नळ कमी पडतो, कोणत्या रस्त्यावर आधी मुरूम टाकायचा यावर मोठ्याने वाद होत. सारे काही शिस्तीत चाले असे मी म्हणणार नाही. परंतु प्रश्न विचारायला जागा होती आणि उत्तर देणारा माणूस समोर बसलेला असे.

नगरपंचायत झाल्यापासून ती जागाच उरलेली नाही. दरवर्षी फेब्रुवारीअखेरीस वर्तमानपत्रात बातमी येते की इतक्या कोटींचा शिल्लकी अर्थसंकल्प एकमताने मंजूर झाला. त्या बातमीतल्या आकड्यांचा आणि आमच्या गल्लीचा संबंध मला आजवर लावता आलेला नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि वर्ष सरायच्या आत जलवाहिनी टाकण्यासाठी तो मधोमध फोडला. रस्त्याकडेच्या गटाराला उतार नसल्यामुळे पावसाळ्यात पाणी उलटे फिरून चार घरांच्या ओट्यांपर्यंत येते. त्याबद्दल आम्ही तीनदा अर्ज दिला आणि तिन्ही वेळा निधी उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले. त्याच वर्षी गावाच्या वेशीवर स्वागत कमान उभी राहिली.

कोणावर आरोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही. मला पद्धत समजून घ्यायची आहे. कोणते काम घ्यायचे हे नगरपंचायतीत नेमके कोण ठरवते, कोणत्या महिन्यात ठरवते, आणि साध्या नागरिकाला त्यात आपले म्हणणे वेळेवर कसे मांडता येईल? अर्थसंकल्पाची प्रत मिळाली तर ती वाचायची कशी, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

जुनी खतावणी

मी नगरपरिषदांच्या लेखा विभागात बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्याला मिळालेले ‘निधी नाही’ हे उत्तर आणि त्याच वर्षी उभी राहिलेली कमान, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अर्थसंकल्प समजून घ्यायला इथूनच सुरुवात करावी लागते, कारण नगरपंचायतीची तिजोरी एक दिसत असली तरी तिच्यातला पैसा वेगवेगळ्या पिशव्यांतून आलेला असतो आणि एका पिशवीतला पैसा दुसऱ्या पिशवीच्या कामाला लावता येत नाही.

पहिली पिशवी स्वतःच्या उत्पन्नाची. मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे, आठवडे बाजाराची फी आणि बांधकाम परवानग्यांचे शुल्क तिच्यात जमा होते. नगरपरिषदांची जकात १९९९ साली रद्द झाली आणि भरपाई म्हणून शासनाचे सहायक अनुदान सुरू झाले. ते बहुतांशी कायम कर्मचाऱ्यांच्या वेतनात जाते. पाण्याच्या पंपांचे आणि पथदिव्यांचे वीजबिल, तुरटी, ब्लीचिंग पावडर, घंटागाडीचे डिझेल, कंत्राटी सफाई कामगारांचे पैसे आणि सर्व किरकोळ दुरुस्त्या या पहिल्या पिशवीतूनच भागवाव्या लागतात. दिव्यांगांसाठी आणि महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा प्रत्येकी ५ टक्के भागही यातूनच काढायचा असतो. लहान गावात ही पिशवी वर्षाच्या मध्यालाच रिकामी होते.

दुसरी पिशवी केंद्रीय वित्त आयोगाची. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग बांधून दिला होता. त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता व घनकचऱ्यासाठी होता. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत होते, मात्र वेतन आणि आस्थापना खर्चासाठी नाही.

तिसरी पिशवी योजनांची, आणि बातमीतले कोटींचे आकडे मुख्यतः हिच्यामुळे फुगतात. नगरोत्थान महाभियान, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान, अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना, अमृत २.० अशी यांची नावे आपण फलकांवर वाचली असतील. हा पैसा ज्या कामाच्या नावाने मंजूर होतो त्याच कामावर खर्च करावा लागतो, आणि खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच वापरल्याचा दाखला, द्यावे लागते. कमानीला मिळालेला पैसा गटाराकडे वळवला असता तर लेखापरीक्षणात तो आक्षेप ठरला असता. आपल्या गटाराचा उतार सुधारणे हे दुरुस्तीचे काम आहे. दुरुस्तीला योजना क्वचितच मिळते, म्हणून ते पहिल्या पिशवीवर येते आणि ती रिकामी असते.

आता अर्थसंकल्प वाचण्याबद्दल. एकूण रकमेकडे प्रथम पाहू नका. तिच्यात शिक्षण कर आणि रोजगार हमी कर यांसारख्या रकमाही असतात, ज्या नगरपंचायत केवळ वसूल करून शासनाला भरते. ठेकेदारांच्या अनामत रकमाही असतात. ‘शिल्लकी’ या शब्दानेही फसू नका. ती शिल्लक पुष्कळदा बँकेत पडून राहिलेल्या, विशिष्ट कामांसाठी आलेल्या आणि वेळेत खर्च न झालेल्या अनुदानाची असते. प्रत्येक लेखाशीर्षापुढे, म्हणजे जमा किंवा खर्चाच्या प्रत्येक बाबीपुढे, गेल्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. दोनच आकडे शेजारी ठेवून वाचा: गेल्या वर्षीच्या प्रतीतला मूळ अंदाज आणि या प्रतीतला त्याच वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. गटार दुरुस्तीपुढे दरवर्षी मोठी रक्कम लिहिली जात असेल आणि प्रत्यक्ष खर्च तिच्या चौथाईवर थांबत असेल, तर ती रक्कम केवळ कागद जुळवण्यासाठी लिहिलेली आहे असे समजावे.

वेळेविषयी सांगायचे तर फेब्रुवारीतील विशेष सभेत फारसे काही बदलत नाही. मुख्याधिकारी विभागांकडून मागण्या साधारणपणे दिवाळीच्या आगेमागे घेतात, लेखा शाखा अंदाज बांधते, स्थायी समितीत चर्चा होते आणि मग तो सभेपुढे येतो. आपला अर्ज जानेवारीत पोहोचला तर तो पुढच्या वर्षाचा अर्ज ठरतो. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. अर्थसंकल्पात कामांची नावे नसतात, लेखाशीर्षे असतात. ‘रस्ते बांधणी’ या एका ओळीतून कोणता रस्ता होणार, हे नंतरच्या एखाद्या सर्वसाधारण सभेच्या ठरावात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि मंत्रालयाकडे पाठवलेल्या प्रस्तावाच्या यादीत ठरते. म्हणून अर्थसंकल्पापेक्षा त्या यादीवर लक्ष ठेवणे अधिक उपयोगाचे.

माजी नगरसेविका, मराठवाडा

खतावणी यांनी लिहिलेले सर्व बरोबर आहे, तरीही एका मुद्द्यावर मला स्पष्ट असहमती नोंदवायची आहे. योजनेचा पैसा बांधलेला असतो हे खरे. पण तो कमानीला बांधला कोणी? वैशिष्ट्यपूर्ण कामांचे अनुदान आकाशातून पडत नाही. नगरपंचायत ठराव करते, प्रस्ताव पाठवते, लोकप्रतिनिधींची शिफारस जोडली जाते आणि मग मंजुरी येते. कमान मागितली म्हणून कमान मिळाली. त्याच प्रस्तावात कमानीऐवजी गावाच्या मुख्य नाल्याचे काम मागता आले असते. ‘हा पैसा दुसरीकडे वापरता येत नाही’ हे उत्तर मंजुरीनंतर खरे असते, मंजुरीपूर्वी नसते, आणि नागरिकांना ते नेमके मंजुरीनंतरच ऐकवले जाते.

मी पाच वर्षे सभागृहात होते, त्यामुळे आतली रीत सांगू शकते. मोकळा म्हणावा असा निधी आला की सभेत पहिली सूचना येते ती प्रभागनिहाय समान वाटपाची. ऐकायला ती न्याय्य वाटते आणि तिला विरोध करणे कठीण असते, कारण प्रत्येक सदस्याला आपल्या मतदारांना काहीतरी दाखवायचे असते. मीही सुरुवातीची दोन वर्षे तिच्या बाजूने हात वर केला. परिणाम असा होतो की १७ भागांत विभागलेल्या रकमेत पेव्हर ब्लॉक बसतात, एखादा हायमास्ट दिवा लागतो, सभामंडपाला पत्रे पडतात. परंतु जो नाला पाच प्रभागांतून वाहतो त्याला कोणाच्याच वाट्याची रक्कम पुरत नाही. पाणी प्रभागाची हद्द पाहून वाहत नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही चार सदस्यांनी आपापले वाटे एकत्र करून एका नाल्याचे काम घ्यावे असा ठराव मांडला. तो मंजूर व्हायला तीन सभा लागल्या, आणि मंजूर झाला तोही त्या नाल्याकाठच्या स्त्रिया तिसऱ्या सभेला येऊन बसल्या म्हणून. सर्वसाधारण सभेला नागरिकांना श्रोते म्हणून बसता येते. तिथे बोलता येत नाही, पण समोर माणसे बसलेली असली की विषय वाचून पुढे ढकलण्याची घाई कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ग्रामसभेची उणीव आपल्याला जाणवते, ती मलाही जाणवली. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत. आपल्यासारखी गावे त्या तरतुदीच्या बाहेर राहिली. महाराष्ट्राने २००९ च्या दुरुस्तीने नागरी भागासाठी क्षेत्रसभेची, म्हणजे एका भागातील मतदारांच्या सभेची, तरतूद केली खरी. परंतु आमच्या गावात ती माझ्या कारकिर्दीत एकदाही भरली नाही. पुणे महानगरपालिकेने २००६ पासून नागरिकांकडून कामांच्या सूचना अर्जावर मागवून त्या अर्थसंकल्पात घेण्याची पद्धत सुरू केली. महापालिकेच्या मानाने ती रक्कम लहानच असते, पण पदपथ, बसथांब्यांचे निवारे, स्वच्छतागृहे अशी कामे लोकांनी लेखी सुचवली आणि त्यांतली काही झालीही. नगरपंचायतीला असे करायला कायद्याची आडकाठी नाही. सभेने एक ठराव करून ऑक्टोबर महिन्यात प्रभागवार सूचना मागवायच्या ठरवले तर पुरेसे आहे. तो ठराव मांडायला एक सदस्य तयार करणे, हे आपले पहिले काम असावे असे मला वाटते.

सभेने घेतलेला एखादा ठराव लोकहिताच्या विरुद्ध आहे असे ठामपणे वाटत असेल, तर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. हे शस्त्र मात्र जपून वापरावे. दोन गटांच्या भांडणात ते इतक्या वेळा उगारले गेले आहे की साध्या तक्रारीकडेही राजकारण म्हणून पाहिले जाते.

मोजमाप पुस्तिका

मी स्थापत्य अभियंता आहे आणि लहान नगरपरिषदांची अंदाजपत्रके तयार केली आहेत. रस्ता करून फोडण्याच्या प्रकाराबद्दल लिहितो, कारण तो निष्काळजीपणाइतकाच पद्धतीचाही दोष आहे.

रस्त्याचे काम एका योजनेतून आणि जलवाहिनीचे दुसऱ्या योजनेतून आले की दोन्हींची प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (आराखडा आणि अंदाजपत्रकाला मंजुरी) आणि निविदा यांचे प्रवास स्वतंत्रपणे चालतात. पाण्याची योजना मोठी असल्यामुळे तिला वेळ लागतो. दरम्यान रस्त्याचा निधी मार्चअखेर खर्च झाला नाही तर परत जाण्याची भीती असते, म्हणून रस्ता आधी उरकला जातो. यावर उपाय असा की रस्त्याच्या प्रस्तावाला तांत्रिक मान्यता घेताना ‘या रस्त्याखालून पुढील तीन वर्षांत जलवाहिनी, मलवाहिनी किंवा केबल जाणार नाही’ असा दाखला पाणीपुरवठा शाखेकडून घेऊन जोडावा. सभेने तसा ठराव केला तर शाखा अभियंत्यालाही ‘थांबा’ म्हणायला आधार मिळतो. वरून घाईचा आदेश आल्यावर कनिष्ठ अभियंत्याच्या हाती असा कागद नसेल, तर त्याचे कोणी ऐकत नाही.

गटाराबद्दल एक विचारतो. ते गटार शेवटी कुठे सोडले आहे? पुष्कळ ठिकाणी अंदाजपत्रकात गटाराची लांबी, रुंदी, खोली असते आणि पाणी कुठे सोडायचे ते नसते, कारण मंजूर रकमेत जितकी लांबी बसते तितकीच धरलेली असते. आपण माहितीच्या अधिकारात त्या कामाचे अंदाजपत्रक, तळपातळ्यांचा नकाशा (गटाराचा तळ कुठे किती उंचीवर आहे ते दाखवणारा) आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या वहीच्या) प्रती मागवा. तळपातळ्यांचा नकाशाच नसेल, तर उतार का नाही याचे उत्तर तिथेच मिळेल. नकाशात उतार दाखवलेला असून जागेवर नसेल, तर दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असण्याची मुदत, संपण्यापूर्वी ठेकेदाराकडून ते काम विनामूल्य दुरुस्त करून घेता येते, आणि मग निधी नसल्याचा प्रश्नच येत नाही. तो कालावधी करारनाम्यात लिहिलेला असतो. काम दोन वर्षांपूर्वीचे आहे, तेव्हा तारीख आधी तपासा.

नदीपलीकडे

आमच्याकडे जुनी नगरपरिषद आहे. मुदत संपल्यापासून डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत तिचा कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात अर्थसंकल्प प्रशासकांनीच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. कामे झाली नाहीत असे नाही, उलट काही कामे वेगाने झाली. पण कोणते काम का घेतले हे विचारायला सभाच नव्हती, आणि त्या वर्षांतील ठरावांवर चर्चेची एक ओळही सापडत नाही. आपल्या नगरपंचायतीत निवडून आलेली सभा आहे तोवर तिच्यासमोर विषय नेऊन ठेवा, एवढेच कळकळीने सांगतो.

तळ्याकाठचा रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. करारनामा आणि तळपातळ्यांच्या नकाशासाठी अर्ज उद्याच देतो.

एक अवघड गोष्ट मात्र इथे सांगितली पाहिजे. मागच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, कर आकारणीच्या वेळी मालमत्ता कर वाढणार म्हणून गावात हरकतींची मोहीम झाली आणि मीही हरकतीवर सही केली. पूर्वी नसलेली वाढीव खोली आकारणीत आली होती, ती आमच्या घरात खरोखरच बांधलेली होती. पहिली पिशवी रिकामी असते हे वाचल्यावर त्या सहीचा विचार मनातून जात नाही. परंतु सोयी मिळत नसताना लोकांनी अधिक कर का भरावा, या प्रश्नाचेही उत्तर मला देता येत नाही. कर वाढला तर तो पैसा आमच्या गटारापर्यंत पोहोचेल याची खात्री कशी धरावी?

जुनी खतावणी

प्रथम नगरसेविका ताईंचे म्हणणे मान्य करतो. प्रस्ताव कोणी पाठवला हा प्रश्न मी बाजूला ठेवला होता. लेखा विभागात बसणाऱ्याला कागद मंजुरीनंतरच दिसतो, त्यामुळे त्याची नजर तशी घडते.

आपल्या प्रश्नाला खात्रीचे उत्तर नाही, पण अनुभवाचे आहे. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी देण्याची योजना केली तेव्हा प्रत्येक नळाला मीटर बसवला आणि वापर वाढेल तसा दर वाढवत नेला. लोकांनी मीटर स्वीकारले, कारण मीटरसोबत पाणीही आले. वेंगुर्ल्याने घरोघरी कचरा वेगळा करून घेण्याची शिस्त लावली आणि जुन्या कचरा डेपोच्या जागी प्रक्रिया केंद्र उभे केले, तेथे ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होतो आणि प्लास्टिकचे तुकडे डांबरी रस्त्यात वापरले जातात. दोन्ही ठिकाणी लोकांवर भार पडला; मलकापुरात पैशाचा आणि वेंगुर्ल्यात रोजच्या कष्टाचा. तो कशासाठी हे त्यांना डोळ्यांसमोर दिसत होते. सर्वसाधारण कर वाढवून तो तिजोरीत मिसळला की तो कुठे गेला हे दिसत नाही, आणि लोकांचा अविश्वास तिथून सुरू होतो.

म्हणून मी असे सुचवीन की हरकत मागे घेण्याच्या विचारात न अडकता ती वाढीव खोली आपण स्वतः आकारणीत नोंदवून घ्यावी, आणि त्याच अर्जात मागणी करावी की आकारणीमुळे वाढलेल्या मागणीपैकी ठरावीक हिस्सा ‘गटारे दुरुस्ती’ या लेखाशीर्षाखाली वेगळा दाखवण्याचा ठराव सभेने करावा. अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये गटारे, दिवाबत्ती, सफाई ही आवश्यक कर्तव्ये आहेत आणि बागा, वाचनालये ही स्वेच्छाधीन. आवश्यक कर्तव्यासाठी रक्कम राखण्याला कोणी नियमाने हरकत घेऊ शकत नाही. अर्ज आवक शाखेत देऊन क्रमांक घ्या, एक प्रत स्थायी समितीच्या सभापतींच्या नावाने द्या, आणि तारीख दिवाळीपूर्वीची असू द्या. वसुलीच्या याद्या मार्चमध्ये निघतात, तेव्हा थकबाकीदारांची यादीही मागवा. लहान गावात तिच्यावरची पहिली दहा नावे वाचली तरी पहिली पिशवी का रिकामी आहे याचे बरेचसे उत्तर मिळते.